तर्जुमा

साक्षीदार म्हणाला, त्यांनी हरेशचा गेम केला.
मी टायपिस्टला सांगितलं, किल्ड.
बचावाचे वकील उठले,
गेम म्हणजे खेळ, साहेब. खून तर बाईंनी केला,
आत्ता, तुमच्यासमोर, तर्जुम्यात.
कोर्ट हसलं. मीही थोडी.

कोर्ट नाक्यावर अठरा वर्षं हेच करते आहे,
इकडचं रक्त ओंजळीतून तिकडे न्यायचं
आणि वाटेत सांडलं तर आपणच पुसायचं.

वहीच्या मागच्या पानांवर एक यादी आहे, कुणी न मागितलेली.
टपकवला. वाजवला. ढगात पाठवला.
विकेट काढली, हा कळव्याच्या मैदानाकडून आलेला.
पत्ता कट, हा रमीच्या अड्ड्यावरचा.
यमसदनी धाडला म्हणणारा एकच भेटला,
वयस्कर हवालदार, रात्री कीर्तन करायचा.
आणि कंठस्नान. काय शब्द आहे!
मान उडवायची, आणि म्हणायचं आंघोळ घातली.
निकाल लावला,
हा बहुतेक आमच्याच इमारतीतून पळाला असावा.

ग्रंथसंग्रहालयात एक इंग्रजी कोश मिळाला, पुठ्ठा गेलेला.
म्हटलं, बघू तरी साहेबाचं धाडस.
त्याचंही तेच.
धक्का देऊन बाजूला केला. बर्फात घातला.
गाडीतून एक चक्कर मारून आणला,
म्हणजे आणलाच नाही.
एवढ्या मोठ्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता
आणि मेलेल्याला मेला म्हणायला
एक माणूस तयार नव्हता.

मग टी च्या पानावर आमचा ठग.
बोटीत बसून गेलेला, फास आणि रुमालासकट.
परत आला तेव्हा त्याचा ठ गळून पडला होता,
आमच्या सोसायटीतली मुलं थग म्हणतात, उलटी टोपी घालून.
ठ त्यांच्या जिभेला कधी पेललाच नाही.
ठाण्याचंसुद्धा त्यांनी टाना केलं होतं.
लूट मात्र जशीच्या तशी नेली,
तिच्यात उच्चाराची अडचण नव्हती.

त्याच आठवड्यात हौसाआत्या व्हरांड्यात आली,
माझ्या तळहातावर सुपारी ठेवली,
सतरा तारखेला हळद आहे, रजा टाक.
आत आरोपपत्रात दुसरी होती, दीड लाखाची.
मी मूठ मिटली आणि पट्टेवाल्याने पुकारा केला.
ती सुपारी अजून पर्सच्या चेनच्या कप्प्यात आहे.
हळदीला मी गेले नाही.

मग हरेशची आई. मथुराबाई, राहणार चेंदणी कोळीवाडा.
सुकटीचा वास पिंजऱ्यात तिच्याआधी चढला.
शपथ घेतली. विचारलं, काय झालं?
माजे पोराला मारला त्यांनी.

मी सुटकेचा श्वास सोडला, खरं सांगते.
अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ बोललं,
ना खेळ, ना ढग, ना आंघोळ.

पण वकील उठलेच.
मारला म्हणजे मारहाण केली, की ठार केलं?
आपल्या भाषेत, साहेब, मारला दोन्हीला चालतं.
बाईंनी स्पष्ट करावं.

आणि खरंच होतं ते.
शाळेत मास्तरही मारायचे. आम्ही डबा खायला घरी यायचो.

मथुराबाई माझ्याकडे बघू लागली,
जणू शब्द माझ्याकडे ठेवायला दिला होता
आणि मी तो हरवला.
मुद्देमालाच्या टेबलावर कोयता होता, सात नंबरचा,
लाखेचं सील, पिवळं कापड.
पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं.

मारला म्हंजे, ती म्हणाली,
तो आता जेवाला येत नाय.

ते वाक्य मी पलीकडे नेलं, शब्दाला शब्द, न सांडता.
सावे टाईप करता करता थांबले.
अठरा वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.
की वर बोटं धरून म्हणाले,
प्रेझेंट टेन्सच ना, मॅडम?